नाकासेन्दोची किसो वाट: पायी प्रवास आणि सराईतील मुक्काम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधील नाकासेन्दो या जुन्या राजमार्गावर काही दिवस चालून वाटेतल्या घरगुती सरायांत राहण्याचा बेत आखणाऱ्यांकडून जे प्रश्न सातत्याने येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले असून एका उत्तरातील मजकूर दुसरीकडे लागू होत असेल तेथे त्या क्रमांकाचा उल्लेख केला आहे. बहुतेक जण अंतरापासून सुरुवात करतात आणि मुक्काम शेवटी पाहतात. आमच्या मते या वाटेचे नियोजन नेमके उलट्या क्रमाने करावे लागते, आणि त्याची कारणे प्रश्न ७ मध्ये आहेत.

१. नाकासेन्दो म्हणजे नेमके काय? ती संपूर्ण चालायची असते का?

तोकुगावा शोगुनशाहीचा संस्थापक इएयासू याने १६०१ पासून एदो, म्हणजे आजचे तोक्यो, केंद्रस्थानी ठेवून महामार्गांची जी व्यवस्था उभी करायला घेतली, तिच्यातील पाच प्रमुख मार्गांपैकी नाकासेन्दो हा एक. एदोतील निहोनबाशी पुलापासून क्योतोतील सान्जो पुलापर्यंतचा हा रस्ता सुमारे ५३० किलोमीटर लांबीचा होता आणि त्यावर प्रवाशांच्या मुक्कामाची ६९ ठाणी होती. समुद्रकाठाने जाणाऱ्या तोकाइदोवर ५३ ठाणी होती. तो रस्ता सपाट खरा, परंतु ओई नदीसारख्या मोठ्या नद्यांवर मुद्दामच पूल बांधलेले नव्हते आणि पूर आला की प्रवासी काठावर दिवसेंदिवस अडकून पडत. डोंगरातून जाणारी नाकासेन्दो चढउतारांची असली तरी त्या खोळंब्यापासून बरीच मुक्त होती. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुन, म्हणजे लष्करी शासक, इएमोचीशी विवाह करण्यासाठी क्योतोहून एदोला निघाली, तेव्हा तिच्या प्रचंड लवाजम्यासाठी हाच मार्ग निवडला गेला.

आज संपूर्ण मार्ग चालणारे थोडे आहेत, कारण त्याचा मोठा भाग डांबरी महामार्गांखाली आणि शहरांत गडप झाला आहे. नागानो आणि गिफू प्रांतांच्या सीमेवरच्या किसो खोऱ्यात मात्र जुनी वाट आणि जुनी ठाणी सलग पाहायला मिळतात. पुढील सर्व उत्तरे या खोऱ्याविषयी आहेत.

२. किसो खोऱ्यातील कोणते टप्पे निवडावेत आणि किती दिवस लागतील?

खोऱ्यात उत्तरेकडील निएकावापासून दक्षिणेकडील मागोमेपर्यंत अकरा ठाणी आहेत. त्यांपैकी काही ठाण्यांमधील वाट आज १९ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाला चिकटून जाते आणि मालमोटारींच्या शेजारून चालण्यात कोणताही आनंद नाही. तेवढे अंतर निःसंकोच रेल्वेने कापावे. चूओ लोहमार्ग खोऱ्यातूनच जातो, त्यामुळे हे सहज जमते.

तीन दिवस असतील तर आम्ही पुढील बेत सुचवतो. पहिल्या दिवशी नागोयाहून शिनानो या जलदगाडीने सुमारे पन्नास मिनिटांत नाकात्सुगावाला उतरावे आणि ओचिआई ठाण्यावरून चढत मागोमेला पोहोचावे; हे अंतर साधारण नऊ किलोमीटर असून त्यात आठशे मीटरांहून थोडी लांब फरसबंदी वाट लागते, जिचा काही तुकडा मूळचा आहे आणि बाकीची नंतर दुरुस्त केलेली आहे. दुसऱ्या दिवशी मागोमे ते त्सुमागो हा आठ किलोमीटरांचा प्रसिद्ध टप्पा. तिसऱ्या दिवशी त्सुमागोहून साडेतीन किलोमीटर चालत नागिसो स्थानक गाठावे, तेथून रेल्वेने याबुहाराला जावे आणि ११९७ मीटर उंचीची तोरीई खिंड ओलांडून सुमारे सहा किलोमीटरांवरच्या नाराईत उतरावे. नाराईची एकच रस्ता असलेली वस्ती जवळजवळ एक किलोमीटर लांब पसरली आहे.

दोनच दिवस असतील तर नाकात्सुगावाहून मागोमेपर्यंत बसने जावे, अर्धा तास लागतो. एकच दिवस असेल तर दुसऱ्या दिवसाचा टप्पा चालून परतता येते, परंतु त्यात मुक्काम नाही. आणि मुक्काम नसेल तर या वाटेची निम्मी गोडी गेली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

३. मागोमेहून त्सुमागोला जावे की त्सुमागोहून मागोमेला?

मागोमे सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्सुमागो त्याहून बरेच खाली, आणि दोहोंमधील खिंड जवळजवळ ८०० मीटरांवर. त्यामुळे मागोमेहून निघणाऱ्याला दोनशे मीटर चढायचे असतात, तर उलट दिशेने येणाऱ्याला साडेतीनशेहून अधिक. बहुतेकांना पहिली दिशा सोयीची पडते आणि थांबत, पाहत अडीच-तीन तास लागतात.

दिशा ठरवताना मुक्कामाचाही विचार करावा. १८९५ आणि १९१५ च्या आगींत मागोमेची जुनी घरे जळाली, म्हणून तेथील उतारावरच्या रस्त्याची फरसबंदी आणि दुकाने देखणी असली तरी बहुतेक बांधकाम नंतरचे आहे. त्सुमागोची कथा निराळी आहे. १९११ मध्ये चूओ लोहमार्ग पूर्ण झाल्यावर गावाचा व्यवहार आटला, माणसे बाहेर पडली आणि घरे मोडकळीला आली. १९६८ पासून गावकऱ्यांनी ती जतन करायला घेतली आणि १९७१ मध्ये एक सनद मान्य केली: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. विजेच्या तारा मुख्य रस्त्यावरून हटवल्या गेल्या आणि दिवसा मोटारींना बंदी झाली. संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक निघून गेल्यावर त्या रस्त्यावर आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. एकच रात्र असेल तर ती त्सुमागोत काढावी.

४. आम्ही सह्याद्रीत नियमित ट्रेक करतो. ही वाट फारच सोपी वाटेल का?

शारीरिकदृष्ट्या होय. ज्यांनी राजगड-तोरणा एका दमात केले आहे त्यांना मागोमे-त्सुमागो हा टप्पा फिरण्यासारखा वाटेल; दोर, कातळकडा किंवा पाण्याचा तुटवडा असा कोणताही प्रकार येथे नाही. वाटेवर जागोजागी लाकडी पाट्या आहेत, स्वच्छतागृहे आहेत, आणि खिंडीच्या पुढे त्सुमागोच्या बाजूला जुन्या लाकडी चहागृहात स्वयंसेवक पांथस्थांना मोफत चहा देतात. तेथे चूल पेटलेली असते व धुराचा वास कपड्यांना दिवसभर सोडत नाही.

अधिक दमछाक हवी असेल तर नोजिरी ते मिदोनो (आजचे नागिसो) यांमधली योगावाची आडवाट घ्यावी. किसो नदीला पूर आला की मुख्य रस्ता बंद पडत असे आणि प्रवासी या डोंगरातल्या वाटेने वळसा घालत. तिला पूर्ण दिवस द्यावा लागतो, आणि वाटेत खाण्याची सोय धरून चालू नये.

५. कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिलच्या उत्तरार्धात किसो खोऱ्यात चेरी फुलते, कारण हा भाग उंचावर असल्याने तोक्योपेक्षा बहर मागाहून येतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानगळीचे रंग असतात. हे दोन काळ उत्तम, आणि म्हणूनच आरक्षण मिळायला सर्वांत कठीण. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील सलग सुट्ट्या आणि ऑगस्टच्या मध्यातील ओबोन या पितरांच्या सणाचे दिवस टाळावेत.

जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो. आपल्या कोकणातल्या पावसाची सवय असलेल्याला तो पाऊस सौम्य वाटेल, पण ओल्या फरसबंदीवर घसरण्याची भीती खरी आहे. डिसेंबर ते मार्च बर्फ पडू शकते, अनेक चहागृहे बंद असतात आणि मागोमे-त्सुमागोदरम्यान सामान नेण्याची सेवा मार्चच्या मध्यापर्यंत नसते (प्रश्न १३). त्सुमागोत दर वर्षी २३ नोव्हेंबरला एदोकालीन वेशातील प्रवाशांची मिरवणूक निघते. ती पाहायची असेल तर मुक्काम मिळण्याची आशा मात्र माफक ठेवावी.

६. मिन्शुकू आणि रयोकान यांत फरक काय? जुन्या काळीही अशाच सराया होत्या का?

मिन्शुकू म्हणजे एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या घरात चालवलेली सराई. खोल्या मोजक्या, स्नानगृह व शौचालय सामाईक, आणि स्वयंपाक बहुधा घरचीच माणसे करतात. रयोकान अधिक औपचारिक असते. तेथे सेवकवर्ग असतो, जेवण अनेक पदार्थांचे असते आणि दरही चढे असतात. दोन्हीकडे जमिनीवर तातामी, म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या गवताच्या जाड चटया, आणि त्यांवर फुतोन नावाच्या गाद्या घालतात. मिन्शुकूत कित्येकदा खोल्यांच्या मधली भिंत म्हणजे कागद लावलेला सरकता दरवाजाच असतो. शेजारच्या खोलीतील कुजबुज ऐकू येते, तेव्हा आपलीही तिकडे जाते हे लक्षात ठेवावे.

जुन्या काळी दर्जाची उतरंड काटेकोर होती. दाइम्यो सरदारांना १६३५ पासून एक वर्षाआड एदोत राहणे सक्तीचे झाले होते आणि त्यांच्या ये-जा करणाऱ्या मिरवणुकांसाठी प्रत्येक ठाण्यावर होन्जिन हे मुख्य निवासस्थान व वाकी-होन्जिन हे दुय्यम निवासस्थान असे. सामान्य प्रवासी जेवणासह मिळणाऱ्या हातागो सरायांत उतरत, आणि ज्यांना तेही परवडत नसे ते केवळ जळणाचे पैसे देऊन स्वतःचा शिधा शिजवण्याच्या जागी राहत. हा शेवटचा प्रकार आजही असता तर आपल्याकडच्या शाकाहारी प्रवाशांचा मोठा प्रश्न सुटला असता.

त्सुमागोचे वाकी-होन्जिन १८७७ मध्ये किसोच्या हिनोकी या सूचिपर्णी झाडाच्या लाकडात नव्याने बांधलेले असून ते पाहता येते. त्यापूर्वी सामान्य माणसाला हिनोकी वापरण्याची मुभाच नव्हती. हिनोकीसह पाच जातींची झाडे राखीव होती, आणि एक झाड तोडले तर एक मुंडके जाईल, अशी या कायद्याची ख्याती होती. त्या घरातील चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या तुळया पाहताना हे माहीत असलेले बरे.

७. सराईचे वेळापत्रक खरोखर इतके कडक असते का?

होय, आणि संपूर्ण बेत त्याभोवती आखावा लागतो. साधारणतः दुपारी तीन ते पाच या वेळात पोहोचणे अपेक्षित असते, रात्रीचे जेवण सहाच्या सुमारास सर्वांना एकाच वेळी वाढले जाते, आणि न्याहारी सात-साडेसातला असते. सकाळी दहापर्यंत खोली सोडायची असते. जेवण उशिरा ठेवता येत नाही, कारण घरातील दोन-तीन माणसेच शिजवणारी, वाढणारी व आवरणारी असतात. गावातही दुसरा पर्याय नसतो. दुकाने व उपाहारगृहे पाचच्या आसपास बंद होतात आणि रात्री भटकून काही खाऊ, हा विचार तेथे चालत नाही.

म्हणून हिशेब उलटा करावा. सहाला जेवण, त्यापूर्वी स्नान, म्हणजे साडेचारपर्यंत घरात. त्याआधी तीन तासांची चाल आणि एक तास रेंगाळण्यासाठी, म्हणजे साडेबाराच्या आत वाटेला लागलेले असणे आवश्यक. आता आदल्या स्थानकावरून येणारी बस किंवा गाडी शोधावी. खोऱ्यातील साध्या गाड्या कधी तासाने तर कधी दोन तासांनी असतात, त्यामुळे एक गाडी चुकली की दिवसाचा मेळ बिघडतो. आम्ही पहिल्याच फेरीत नाकात्सुगावाला कॉफी पिण्यात एक बस घालवली आणि पावणेसहाला धापा टाकत पोहोचलो. घरातल्या आजीबाई दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिले, खाली वाकून आमचे चिखलाचे बूट स्वतःच्या हाताने दाराकडे तोंड करून लावले आणि आत जेवायला बोलावले. त्याहून रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

८. आरक्षण केव्हा आणि कसे करावे? व्हिसाशी त्याचा संबंध आहे का?

गर्दीच्या काळासाठी चार ते सहा महिने आधी, एरवी दोन-तीन महिने आधी आरक्षण करावे. प्रश्न ३ मधील सनदेमुळे त्सुमागोत नवी हॉटेले उभी राहत नाहीत, म्हणून खोल्यांची संख्या मुळातच थोडी आहे. काही घरे आंतरराष्ट्रीय आरक्षण-संकेतस्थळांवर आहेत, काही केवळ स्थानिक पर्यटन कार्यालयामार्फत किंवा दूरध्वनीवरच आरक्षण घेतात. जपानी येत नसेल तर पर्यटन कार्यालयाला साध्या, छोट्या वाक्यांत इंग्रजी ईमेल लिहावा. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ओळखीत कोणी असेल तर एक दूरध्वनी त्यांच्याकडून करवून घेतल्यास पुष्कळ काम सोपे होते.

भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी व्हिसा लागतो आणि अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम व मुक्कामाचे पत्ते द्यावे लागतात, म्हणून आधी सराई निश्चित करणे येथेही उपयोगी पडते. ई-व्हिसा मिळाला असेल तर विमानतळावर तो इंटरनेट चालू असताना मोबाइलवर उघडून दाखवावा लागतो. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट ग्राह्य धरला जात नाही. सराईतही परदेशी पाहुण्यांच्या पारपत्राची नोंद किंवा प्रत घेतली जाते, तो कायद्याचा भाग आहे.

९. एका रात्रीला साधारण किती खर्च येतो? कार्ड चालते का?

दर खोलीचा नसून माणशी असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि हिशेब दुप्पट चुकतो. एक रात्र व दोन जेवणे मिळून मिन्शुकूत माणशी साधारण दहा ते पंधरा हजार येन, रयोकानमध्ये वीस हजार व त्याहून अधिक धरावे. एकट्या प्रवाशाला काही घरे गर्दीच्या दिवशी घेत नाहीत.

रोख रक्कम नागोया किंवा मात्सुमोतो या खोऱ्याबाहेरच्या शहरांतच काढून घ्यावी. सेव्हन-इलेव्हन दुकानांतील आणि टपाल खात्याच्या यंत्रांत भारतीय आंतरराष्ट्रीय कार्डे बहुधा चालतात; डोंगरातल्या घरी कार्डाचे यंत्र असेलच असे नाही. केवळ या वाटेसाठी देशभराचा रेल्वे पास घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनचा झाला आणि तोक्यो-नागोया-किसो-मात्सुमोतो-तोक्यो एवढ्या प्रवासात तो वसूल होत नाही.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. सराईतले जेवण चालेल का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न असून त्याचे प्रामाणिक उत्तर असे: आगाऊ न कळवता गेलात तर चालणार नाही, कळवून गेलात तर काही घरी चालेल, आणि कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर जेवणाशिवायचे आरक्षण करणे हितावह.

अडचण ताटातल्या माशाची नाही, तो दिसतो आणि बाजूला ठेवता येतो. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचे मूळ पाणी, जे बहुधा कात्सुओबुशी या वाळवून-धुरावून किसलेल्या माशापासून काढतात. मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे सूप, शिजवलेल्या भाज्या, सोबा नूडल्स बुडवून खायचा सोया-रस, अंड्याची वडी, या सगळ्यांत ते असते. यजमान मात्र दाशीला मासा समजत नाहीत; आपण तिला मासा समजतो. त्यामुळे मी मासे खात नाही, असे सांगितल्यावर समोर प्रेमाने ठेवलेली भाजी मासळीच्या पाण्यात शिजलेली असते आणि त्यात फसवणूक कोणाचीही नसते. समुद्रातील कोम्बू शेवाळ किंवा वाळलेल्या शिइताके अळंब्यांपासूनही दाशी करता येते, म्हणून नुसता नकार न देता हा पर्याय सुचवावा. आरक्षणाच्या वेळीच पुढील वाक्ये कळवावीत: ‘निकू मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बू नो दाशी वा दाइजोबू देस.’ मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, कोम्बूची चालते, असा त्यांचा अर्थ आहे. पोहोचल्यावर ऐनवेळी सांगणे म्हणजे सकाळपासून केलेला स्वयंपाक नाकारणे होय.

किसो खोऱ्याच्या पारंपरिक जेवणात नदीतले मासे, काही ठिकाणी घोड्याचे मांस आणि क्वचित गोड सोया-रसात शिजवलेले नाकतोडेही वाढले जातात, हे मांसाहारींनीही मनाची तयारी म्हणून जाणून घ्यावे. शाकाहारींसाठी सुखद गोष्टीही आहेत. गोहेइमोची म्हणजे कुटलेल्या भाताचे गोळे किंवा चपटी वडी काडीला थापून, अक्रोड, तीळ व मिसो-सोया यांचे वाटण फासून निखाऱ्यावर भाजलेली. वाटण कशाचे आहे हे विचारून खावी. सुन्की हे सलगमाच्या पाल्याचे मीठ न घालता आंबवलेले लोणचे याच खोऱ्याचे, पण ते बहुधा हिवाळ्यातच मिळते. शरद ऋतूत नाकात्सुगावाची चेस्टनटची कुरिकिन्तोन ही मिठाई मिळते, तिच्यात चेस्टनट व साखर याशिवाय फारसे काही नसते.

११. मग भारतातून खाण्याचे पदार्थ न्यावेत का?

न्यावेत, पण विचारपूर्वक. मांस व मांसजन्य पदार्थ जपानमध्ये नेण्यास मनाई आहे आणि ताजी फळे, भाज्या, पाने यांना उगम देशाचे तपासणी प्रमाणपत्र लागते, म्हणून हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, लिंबे पिशवीत नसावीत. भडंग, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, मेतकूट हे उत्तम. सराईत साधा गरम भात भरपूर मिळतो आणि मेतकूट-भात तेथेही तितकाच लागतो. मात्र यजमानांनी वाढलेल्या ताटात न विचारता स्वतःची चटणी मिसळू नये. एक वाक्य विचारले की बहुतेक जण हसून होकार देतात, आणि चाखायलाही मागतात. खोलीत तीव्र वासाचे पदार्थ गरम करणे टाळावे. तातामी वास धरून ठेवते.

१२. सामाईक स्नानगृहाचा संकोच वाटतो. टाळता येते का?

मिन्शुकूत बहुधा एक किंवा दोनच न्हाणीघरे असतात आणि कित्येक घरी ती आळीपाळीने, आतून कडी लावून वापरतात. त्यामुळे संकोचाचे कारण बहुतेकदा उरत नाही. मोठ्या रयोकानात स्त्री-पुरुषांची स्नानगृहे वेगळी असतात, पण आत सर्व जण विवस्त्र असतात व पोहण्याचे कपडे चालत नाहीत. आरक्षण करताना आपल्याला कोणता प्रकार मिळणार हे विचारून घ्यावे.

नियम एकच, परंतु तो मोडू नये: आधी बाहेर चौरंगावर बसून साबणाने पूर्ण अंग धुवावे, साबण काढून टाकावा आणि मगच टबात शिरावे. टबातील पाणी सर्वांसाठी एकच असते, म्हणून बाहेर पडताना बूच काढू नये. स्नानानंतर घालायचा युकाता अंगरखा डावा पदर उजव्यावर घेऊन बांधावा. उलटा फक्त मृताला नेसवतात, आणि ते पाहून यजमानीणबाई जेवण सोडून आपला युकाता नीट करायला धावतील.

१३. मोठ्या बॅगा घेऊन चालायचे का?

नाही. दोन सोयी आहेत. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत मागोमे आणि त्सुमागो येथील पर्यटन कार्यालयांदरम्यान सामान नेण्याची सेवा चालते. सकाळी साडेअकराच्या आत बॅग देऊन दुपारी एकनंतर पलीकडे ती ताब्यात घ्यावी. दुसरी सोय देशभर चालणाऱ्या ताक्क्यूबिन या घरपोच सामानसेवेची. मोठी बॅग तोक्यो किंवा नागोयाच्या हॉटेलातून थेट पुढच्या शहरातील हॉटेलला पाठवावी आणि पाठीवर दोन दिवसांचे कपडेच ठेवावेत. आम्ही दुसरी पद्धत अधिक पसंत करतो, कारण तिच्यात कार्यालय बंद होण्याची धास्ती नसते.

१४. सोबत वडीलधारी माणसे किंवा लहान मुले आहेत. त्यांना जमेल का?

चालण्याचा भाग जमवता येतो. मागोमे व त्सुमागोदरम्यान मोजक्या बस आहेत आणि त्यांचा एक थांबा खिंडीवरच आहे. तेथे उतरून त्सुमागोकडे चालल्यास जवळजवळ सगळी वाट उताराची राहते. मागोमेचा गावातील रस्ता मात्र चांगलाच चढाचा आहे, त्सुमागो सपाट आहे.

खरी अडचण घरात येते. जमिनीवर बसून जेवणे, फुतोनवरून पहाटे उठणे आणि उंच, अरुंद लाकडी जिना, हे दुखऱ्या गुडघ्यांना वाटेपेक्षा जड जाते. खुर्ची आहे का, तळमजल्याची खोली मिळेल का, हे आधी विचारावे. पलंगच हवा असेल तर त्सुमागोचा आग्रह सोडून किसो-फुकुशिमा किंवा नाकात्सुगावा येथे साध्या हॉटेलात राहून दिवसा चालावे.

१५. वाटेवर घंटा टांगलेल्या आहेत असे ऐकले. अस्वले खरोखर असतात का?

या जंगलांत काळी अस्वले आहेत. माणसाची चाहूल आधी लागली तर ती सहसा स्वतःहून दूर जातात, म्हणून वाटेवर ठिकठिकाणी पितळी घंटा लावल्या आहेत आणि जाताना त्या जोरात वाजवायच्या असतात. पाठपिशवीला लावायची छोटी घंटा पर्यटन कार्यालयातून भाड्याने मिळते. पहाटे व सांजवेळी एकट्याने जंगलात शिरू नये आणि अन्नाचे अवशेष टाकू नयेत. कचरापेट्या नसल्याने कचरा तसाही बरोबरच न्यायचा असतो.

१६. एकट्या स्त्रीने ही वाट चालणे सुरक्षित आहे का?

होय, आणि अनेक जणी चालतात. दिवसा मागोमे-त्सुमागो टप्प्यावर सतत ये-जा असते. योगावाच्या वाटेवर आणि हिवाळ्यात मात्र सोबत असावी. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक आहेत.

इतिहासात चित्र वेगळे होते. किसो-फुकुशिमा येथे शोगुनशाहीचे मोठे तपासनाके होते आणि तेथे दोन गोष्टींवर करडी नजर असे: एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया. दाइम्योंची कुटुंबे एदोत ओलीस असल्यासारखीच राहत, त्यामुळे त्यांतील कोणी वेश पालटून निसटू नये म्हणून स्त्रियांचे परवाने व वर्णन बारकाईने ताडून पाहिले जाई. नाक्याची पुनर्बांधणी केली असून तेथे आज संग्रहालय आहे, आणि तासभर तेथे सार्थकी लागतो.

१७. कुमानो कोदो आणि ही वाट यांपैकी एकच करायची असेल तर?

देवस्थानांकडे जाणारी, जंगलातून चढणारी व अधिक दमवणारी वाट हवी असेल तर कुमानो. ती २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. तिच्या नाकाहेची मार्गावर ताकिजिरीहून होन्गूपर्यंत दोन दिवसांत सुमारे ३८ किलोमीटर चालावे लागतात आणि मधल्या वस्तीत मुक्काम न मिळाल्यास बेतच कोलमडतो. त्याउलट नाकासेन्दो ही व्यवहाराची वाट आहे: व्यापारी, सरदार, टपाल नेणारे धावपटू आणि त्यांच्यासाठी वसलेली गावे. काटेकोर शाकाहारींनी कुमानोच्या जोडीने कोयासान येथील मंदिरनिवासाचा विचार करावा, कारण तेथील बौद्ध भोजन परंपरेनेच मांस-मासळीविना असते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आम्ही नाकासेन्दो सुचवतो. चुकले तरी रेल्वे जवळ असते.

१८. एकाच सराईत दोन रात्री राहून आराम करता येईल का?

येते, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात अनेक घरे पाहुण्यांनी बाहेर असावे अशी अपेक्षा करतात, त्यामुळे दुपारी खोलीत झोपण्याचा बेत चालत नाही. दुसरे, दुसऱ्या रात्रीचे जेवण पहिल्या रात्रीसारखेच असण्याचा संभव मोठा आहे. तेव्हा दुसऱ्या रात्री केवळ निवासाचे आरक्षण मिळते का ते पाहावे. मात्र मग जेवणाची तजवीज आधी करावी लागेल (प्रश्न ७).

१९. वादळ, आजारपण किंवा चुकलेली गाडी यांमुळे पोहोचताच आले नाही तर?

सर्वांत आधी दूरध्वनी करावा, ईमेल नव्हे. दुपारनंतर घरातील कोणीही ईमेल पाहत नसते, सगळे स्वयंपाकघरात असतात. सप्टेंबरमधील वादळांमुळे गाड्या बंद होण्याची सूचना बहुधा आदल्या दिवशी मिळते, म्हणून त्या सुमारास आदल्या संध्याकाळीच चौकशी करून कळवले तर बहुतेक यजमान समजून घेतात. त्याच दिवशी रद्द केल्यास पूर्ण रक्कम आकारली जाऊ शकते, आणि न कळवता न पोहोचल्यास तर नक्कीच. ती मुकाट्याने भरावी, कारण मासे, भाज्या आपल्या नावाने सकाळीच आणलेल्या असतात. बोलता येत नसेल तर सर्वांत जवळच्या स्थानकावरील कर्मचाऱ्याला सराईचे नाव व क्रमांक असलेला कागद दाखवावा. आमच्या बाबतीत एकदा नागिसोला असाच फोन लावून दिला गेला, आणि पंधरा मिनिटांत घरमालक स्वतःची छोटी मोटार घेऊन स्थानकाबाहेर उभे होते. हा कागद जपानी लिपीत, मोठ्या अक्षरांत, घरूनच छापून न्यावा.